एका काचेचं कासव

दुकानाला कुलूप लावून आम्ही चौघं समुद्रावर गेलो ते एकदाच. पुढे दरवर्षी हे म्हणायचे, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. पण चष्म्याचं दुकान म्हणजे तान्हं मूल, कोणाच्या भरवशावर टाकून जायचं? कुणाची काडी मोडलेली असते, कुणाचा स्क्रू पडलेला असतो, कुणी स्वतःच्याच चष्म्यावर बसलेलं असतं. अशा माणसाला आम्ही सुट्टीवर आहोत म्हणून पाटी लावून काय उपयोग? त्याला ती वाचता तरी यायला हवी.

मी काउंटरमागे उभी राहून फ्रेमी दाखवायचे. कोणत्या चेहऱ्याला काय शोभेल हे मला पाहताक्षणी कळायचं, आणि गिऱ्हाइकाला ते कधीच पटायचं नाही. हे आतल्या अंधाऱ्या खोलीत नंबर काढायचे. दिवसभर पडद्याआडून त्यांचा आवाज यायचा, "हे बरं, की मघाचं बरं?" घरी आल्यावर मी विचारलं, पडदे हिरवे घेऊ की निळे, तर म्हणायचे, आज मला काही विचारू नकोस. लोकांना विचारून विचारून थकलेला माणूस. माझे पाय थकलेले, त्यांचा आवाज थकलेला. आमचं भांडण व्हायचं नाही त्याचं कारण एवढंच, की दोघांच्याही अंगात तेवढं त्राण उरत नसे.

आम्हाला दोन मुली. थोरली शाळेत पहिल्या बाकावर बसायची, हट्टाने. आम्हाला वाटायचं, काय अभ्यासू पोर आहे. हे दरवर्षी तिचे डोळे तपासायचे. तिला त्या उंच स्टुलावर बसवायचे, एक डोळा झाकायचे आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचे. ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचायची. हे खूश. एक दिवस शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, अहो, तिला फळ्यावरचं काही दिसत नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवते. मी हसलेच. म्हटलं, बाई, तिचे वडील कोण आहेत माहीत आहे ना?

त्या संध्याकाळी यांनी तिच्या डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. उजेडाला पाठांतर चालत नाही. भिंतीवरची अक्षरं मात्र तिला तोंडपाठ होती. रांगत होती तेव्हापासून ती त्या खोलीत खेळलेली. अक्षरांची ओळख झाली तीच त्या तक्त्यावरून. तिने फसवलं असंही नाही. तिला वाटायचं, बाबा अक्षरं म्हणून दाखवायला सांगतात, आपण म्हणायची. नंबर निघाला तो असा, की हे स्वतःच त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. माझ्या नणंदेची जीभ मोठी तिखट. ती म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चष्मेवाल्याची पोर चाचपडत फिरते आणि हा गावाचे नंबर काढतो."

तेव्हापासून यांना एक खोड लागली. रस्त्याने चालताना मध्येच थांबायचे आणि थोरलीला विचारायचे, "त्या पाटीवर काय लिहिलंय गं?" ती वाचायची. मग लांबची पाटी. मग त्याहून लांबची. ती काय वाचते याकडे यांचं लक्ष नसायचं. ती डोळे बारीक करते का, मान तिरकी करते का, ते बघायचे. पोर कंटाळून गेली होती. पण बापाच्या तोंडाकडे बघून वाचायची बिचारी.

त्याच दिवसांत कधीतरी यांनी तिला शब्द दिला होता, की तुला जे बघायचं असेल ते सांग, मी दाखवीन. तिने लगेच उत्तर दिलं नाही. बऱ्याच दिवसांनी भाजी निवडायला माझ्याजवळ बसली असताना म्हणाली, बाबांना सांग, कासव. समुद्रातलं. काचेच्या टाकीतलं नको, आपणही पाण्यात आणि तेही पाण्यात, असं. तिच्या वर्गातली एक मुलगी बघून आली होती.

शब्द दिला म्हणजे दिला. हे कामाला लागले. दोघी मुलींना पोहायला घातलं. हे स्वतःही या वयात तलावात उतरले आणि दोन हात मारण्यापुरते शिकले. मी पूर्वीची पोहणारी, माझी काळजी नव्हती. धाकटीला नळीतून श्वास घ्यायची सवय व्हावी म्हणून बादलीत तोंड घालून बसवलं. कुठल्या महिन्यात समुद्र शांत असतो, कुठल्या खाडीत कासवं चरायला येतात, सगळी चौकशी केली. थोरली तलावात उतरताना चष्मा काढून माझ्या हातात द्यायची आणि मी तो रुमालात गुंडाळून काठावर बसायचे. पाण्यात चष्मा चालत नाही हे आम्ही वर्षभर बघत होतो. तरी घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात पुढचा विचार आला नाही.

प्रवासात धाकटीने सगळ्यांना जागं ठेवलं. खोली समुद्राजवळ होती म्हणून घेतलेली, पण समुद्राजवळ म्हणजे इतकी दमट, की टॉवेल वाळेनात आणि उशा ओल्या लागत. पलंगात वाळू, बुटांत वाळू, ब्रशवर वाळू. मला वाटलं होतं, सुट्टीत निदान पाठ टेकता येईल. पण घरचंच सगळं काम, फक्त भांडी दुसऱ्याची आणि नळ गळका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मास्क आणि नळ्या ठरवायला किनाऱ्यावरच्या शेडमध्ये गेलो. मुलांना पाण्यात नेणारी एक उंच, उन्हाने रापलेली मुलगी होती. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून धाकटीने तिचं नाव शिट्टीवाली ठेवलं, आणि ते तिला इतकं आवडलं की ती त्याच नावाला ओ द्यायला लागली. तिने धाकटीला मास्क बसवला, मला बसवला, यांना बसवला. मग थोरलीकडे वळून सहज म्हणाली, "चष्मा काढ."

थोरलीने काढला. शिट्टीवालीने मास्क बसवला, पट्टा आवळला आणि विचारलं, घट्ट होत नाही ना? थोरली म्हणाली, नाही. मग तिने मास्कमधून समोर पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळली. माझ्याकडे म्हणजे माझ्या दोन हात उजवीकडे.

मी यांच्याकडे पाहिलं. हे शेडच्या खांबाला हात लावून उभे होते. आमच्या दुकानात भिंतभर खणांतून काचा भरलेल्या, हव्या त्या नंबराच्या. आणि आम्ही एवढा प्रवास करून पोरीला आणलं होतं ते निळ्या पाण्यात निळं काहीतरी दाखवायला.

शिट्टीवालीकडे नंबराचे मास्क नव्हते. एक होता तो मोठ्या माणसाचा, थोरलीच्या नंबराच्या निम्म्याचाही नाही, आणि तोही कोणीतरी आदळून फोडलेला. ती बिचारी आपलीच चूक असल्यासारखी म्हणाली, आधी कळवलं असतं तर शहरातून मागवला असता. बहुतेक लोक कळवतात. मग तिने गप्पा म्हणून यांना विचारलं, तुमचा व्यवसाय काय? मी पटकन म्हटलं, दुकान आहे. कसलं ते सांगायची माझी छाती झाली नाही.

थोरली रडली नाही. ती म्हणाली, धाकटीला न्या, मी नावेत बसते. मग म्हणाली, नाहीतर मी येते, मला रंग दिसतील. असं समजूतदार बोलणारं मूल बघितलं की मला भीती वाटते. रडणाऱ्याला खाऊ देता येतो.

जेवण झाल्यावर धाकटी झोपली. यांनी पाकिटातून तो छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. तो ते लग्नाच्या मांडवातही खिशात घेऊन आले होते. शिट्टीवालीकडून थोरलीच्या मापाचा मास्क मागून आणला होता, तो खिडकीच्या उजेडात धरून बघायला लागले. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. चष्म्याच्या दोन्ही काचा काढायच्या आणि मास्कच्या आतून बसवायच्या. आत पाणी नसतं, हवा असते. तिथे काच आपलं काम करील.

मी नको म्हटलं. कारण तिचा चष्मा तो एकच. दुसरा दुकानात खणात पडलेला, त्याची काडी ढिली झाली होती आणि दोन महिने आज करतो, उद्या करतो चाललं होतं. गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं मागून. आता या काचा समुद्रात गेल्या, तर उरलेली सुट्टी आणि परतीचा सगळा प्रवास पोर हात धरून चालणार. रस्ते परके, गाड्या परक्या. हे म्हणाले, काचा पडणार नाहीत. मी म्हटलं, तुम्ही तिच्या डोळ्यांबद्दलही असंच म्हणाला होतात. मी बोलून गेले. आम्ही हळू आवाजात बोलत होतो, पण खोली ती केवढी, आणि थोरली पलंगावर भिंतीकडे तोंड करून नुसती पडलेली होती.

ती न वळताच म्हणाली, "एकच काढा ना."

आम्ही दोघंही तिच्याकडे वळलो.

"एक काच मास्कमध्ये लावा. पडली तर पडली. दुसरी चष्म्यात राहील, तिच्यावर मी घरी येईन."

हे तिच्याजवळ जाऊन बसले. समजावून सांगायला लागले, की एका डोळ्याने अंतर कळत नाही. कासव जवळ आहे की लांब आहे, काही समजणार नाही. दोन डोळे मिळून अंतर मोजतात.

ती म्हणाली, "नाही समजलं तरी चालेल. दिसलं की झालं."

मग हे कामाला बसले, आणि मी कितीतरी दिवसांनी त्यांना तसं काम करताना पाहिलं. दुकानात हल्ली हात आपोआप चालायचे. इथे ते विचार करत होते. उजव्या डोळ्याची काच काढली. तिची कड जाड होती, तिच्याभोवती नायलॉनचा दोरा फिरवला. अर्ध्या फ्रेमीला लागतो तो दोरा त्यांच्याजवळ डबीत असायचाच. दोऱ्याची टोकं मास्कच्या रबरी कडेला चिकटपट्टीने बसवली. परत परत थोरलीला मास्क घालायला लावून बुबुळासमोर काच येते का ते पाहिलं. शिट्टीवालीने सांगितलं होतं, की पाण्यात सगळं आहे त्याहून मोठं दिसतं. यांना त्याचा फार आनंद झाला. म्हणाले, "हिच्या काचेतून सगळं लहान दिसतं, पाण्यात मोठं दिसतं. म्हणजे काय गं? म्हणजे हिला कासव कासवाएवढंच दिसणार. आपल्यालाच चुकीचं दिसणार." थोरली हसली. शेडमधून आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी नाव खाडीत जाऊन थांबली. पाणी इतकं स्वच्छ होतं की खालचं गवत दिसत होतं, वाऱ्याने हलावं तसं हलत. शिट्टीवालीने नियम सांगितले. ओरडायचं नाही, पाठलाग करायचा नाही, आणि कासवाला हात लावायचा नाही, कितीही जवळ आलं तरी. धाकटीला निघाल्यापासून मळमळत होतं. नियम संपायच्या आत ती माझ्या मांडीवर ओकली. मग माझं उतरणं संपलंच. मी तिचं डोकं धरून बसले आणि थोरलीचा एका काचेचा चष्मा माझ्या गळ्यात लटकवला.

हे आणि थोरली शिट्टीवालीबरोबर पाण्यात उतरले. उतरताना यांनी तिच्या मास्कच्या कडेवरून पुन्हा अंगठा फिरवला. शिट्टीवाली म्हणाली, काका, पुरे, तिला आता श्वास तरी घेऊ द्या.

वरून मला तीन पाठी दिसत होत्या आणि तीन नळ्या. बाकी दोघांचे हात पुढे पसरलेले, पण थोरली दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून तरंगत होती, शाळेत तपासणीला उभं करतात तशी. मला कळेना, हे काय चाललंय, दमली की काय. शिट्टीवालीला मी हाक मारणार, तेवढ्यात तिने डोकं वर काढून मला खूण केली, की ठीक आहे. नंतर कळलं, थोरलीनेच तिला सांगितलं होतं. मला अंतर कळणार नाही, चुकून हात लागेल, म्हणून मी ते मागेच धरते.

मग पाण्याखाली काहीतरी मोठं, तपकिरी सरकलं. नावेच्या बाजूला पाणी जरासं फुगलं आणि एक डोकं वर आलं, म्हाताऱ्या माणसासारखं, सुरकुतलेलं. फुस्स करून श्वास घेतला आणि खाली गेलं. धाकटीला मी म्हटलं, बघ, बघ. तिने मान उचलेपर्यंत पाणी सपाट झालं होतं. ती आजही शपथेवर सांगते, की तिने पाहिलं. मी वाद घालत नाही. माझ्या वाट्याला आलं ते एक डोकं आणि एक फुस्स.

ती तिघं बराच वेळ पाण्यात होती. नाव हलत होती, ऊन डोक्यात शिरत होतं, मांडीवरचा वास जात नव्हता. मी मनात म्हणत होते, दिसू दे बाबा एकदाचं, म्हणजे घरी जाऊ आणि मी माझ्या पलंगावर पडेन.

आधी थोरली वर आली. मास्क तिने दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता. नावेत बसल्यावरच काढला आणि माझ्यापुढे धरला. काच जागेवर होती. मी तिला चष्मा दिला. उजवीकडे नुसतं वर्तुळ, डावीकडे काच. ती तशीच बसून राहिली, ओठ निळे पडलेले.

हे शिडीवरून वर आले ते थरथरत. टॉवेल घेण्याआधी विचारलं, "काच हलली का?"

"नाही."

"दिसलं?"

"दिसलं."

"स्पष्ट दिसलं? कडा कशा होत्या, फाटलेल्या दिसत होत्या की..."

थोरली म्हणाली, "बाबा, ते तुमच्या पोटाखालून गेलं. अगदी खालून. तुम्ही पाहिलं नाहीत?"

यांनी टॉवेल तोंडाला लावला. मग म्हणाले, "मी तुझ्याकडे बघत होतो."

"माझ्याकडे नाही. काचेकडे."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या मोठ्या बाईने दिवस संपताना बोलावं तशी बोलली. शिट्टीवाली दुसरीकडे बघून नळ्या गोळा करायला लागली. नावाड्याने इंजिन सुरू करायला दोरी हातात घेतली होती, तीही त्याने तशीच धरून ठेवली.

"मला दिसतं, बाबा," थोरली म्हणाली. "ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी मी तुम्हाला सांगीन. पाठ म्हणून नाही दाखवणार. तुम्ही आता विचारू नका."

यांनी मान हलवली. मला वाटलं होतं, आता काहीतरी बोलतील, तिच्या डोक्यावर हात ठेवतील. तसं काही केलं नाही. चष्म्यात काच बसवावी म्हणून नावेत काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशात हात घातला, पण गारठलेल्या बोटांत स्क्रू ड्रायव्हर ठरेना. राहू दे, म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले.

नाव निघाली. आमच्या चौघांच्या आठ डोळ्यांपैकी ते कासव नीट पाहिलं होतं एकाच डोळ्याने, आणि तोच डोळा तेव्हा रिकाम्या फ्रेमीतून समुद्राकडे बघत होता. थोड्या वेळाने हे खाली बघत म्हणाले, "मग सांग ना, कसं होतं."

ती सांगायला लागली. ते गवत खात होतं. गायीसारखं, मान वाकडी करून, उपटून. पाठीवर शेवाळ होतं आणि एका जागी कवच तुटून पुन्हा भरून आलेलं. तोंड चिडल्यासारखं. डोळा मोठा, काळा, आणि पापणी खालून वर येते. पुढचे पाय पंखासारखे, पण घाई नाही. आपण आलोय याचं त्याला काहीसुद्धा नव्हतं. यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. पुढच्या पायांपर्यंत आली आणि बोलता बोलता झोपेने तिची मान यांच्या दंडावर कलली. धाकटी माझ्या मांडीवर झोपलेलीच होती.

नाव धक्क्याला लागेपर्यंत यांनी तो हात हलवला नाही. इंजिनाच्या आवाजात मला एवढंच म्हणाले, मागचे पाय राहिले, आणि शेपूट. मी म्हटलं, उद्या विचारा. ते म्हणाले, हो, उद्या. मग बोटाने तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, नको, तिला वाटेल तेव्हा सांगेल.

तिने सांगितलं नाही, आणि यांनीही शेवटपर्यंत विचारलं नाही.